दुखत नाही म्हणजे झिजत नाही?

संधिवाताविषयी आपल्याकडे जे मत चालते ते कुणा एकाचे नाही, म्हणून त्याचे खंडन करणे अवघड जाते. सासूबाई तेच सांगतात, शेजारचे निवृत्त मास्तर तेच सांगतात, मेडिकलच्या काउंटरवरचा मुलगाही तेच सांगतो, आणि कधीकधी दवाखान्यातूनसुद्धा तेच कानावर पडते. पूर्वपक्ष म्हणून, त्याच्यावर अन्याय न करता ते मांडायचे तर असे होईल: सांधेदुखी हे दुखणे आहे, तेव्हा दुखणे सोसवेल तोवर अंगावर काढावे आणि सोसवेना झाले की गोळी घ्यावी. गोळ्या साध्या असतात आणि जड असतात. जड गोळ्यांनी लिव्हर-किडनी बिघडते, शिवाय सवय लागते. म्हणून त्या जितक्या उशिरा सुरू होतील तितके बरे. आणि ज्याची बोटे वाकडी व्हायची त्याची ती होणारच. आजार मुळातच जहाल असेल तर कोणाचे काही चालत नाही.

या मतात एक सलग तर्क आहे हे मान्य केले पाहिजे. सगळी विधाने एकाच गृहीतकावर उभी आहेत: दुखणे हे सांध्याच्या नासाडीचे मोजमाप आहे. जास्त दुखले तर जास्त बिघडले, कमी दुखले तर कमी. मोजमाप खरे असेल तर अंगावर काढण्यात गैर काही नाही आणि औषध लांबवणे हा शहाणपणाच ठरेल. माझे म्हणणे एवढेच आहे की हे मोजमाप खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा पुरावा आता वादापलीकडे गेला आहे.

कोणत्या आजाराबद्दल बोलतो आहोत ते आधी ठरवू. साठीनंतर जिना चढताना कुरकुरणारे गुडघे हा निराळा विषय. तिथे चालले की दुखते आणि बसले की बरे वाटते. इथे विषय ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा आहे, ज्याला वैद्य आणि आता पुष्कळसे डॉक्टरही आमवात म्हणतात. तो तिशी-चाळिशीतही गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी अधिक होतो आणि बहुधा लहान सांध्यांत सुरू होतो. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. अंगठी पेरावर अडकते. ओले फडके पिळता येत नाही, नळाची तोटी फिरत नाही. तासा-दोन तासांनी हात सुटतात आणि दुपारी तीच बाई पोळ्या लाटताना दिसते, म्हणून घरातल्यांना तिच्या सकाळच्या तक्रारीत नाटक दिसते. वास्तविक विश्रांतीने आखडणे आणि हालचालीने सुटणे हीच दाहाची, आतल्या सुजेची खूण आहे. माधवनिदानाने आमवाताला स्वतंत्र अध्याय दिला आणि सर्व सांध्यांत सूज पसरलेला आमवात कष्टसाध्य ठरवला. संधिगत वाताशी त्याची सरमिसळ त्या परंपरेने केलेली नाही. 'सगळा वातच' ही गल्लत आपली, आजची आहे.

हा शहरातला, बैठ्या बायकांचा आजार आहे अशीही एक समजूत आहे, तिचा निकाल इथेच लावू. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. शेतात राबणाऱ्या त्या गावात प्रौढांमधले आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरले. हेच प्रमाण राज्यभर धरले तर महाराष्ट्रातल्या रुग्णांची संख्या काही लाखांत जाते.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार. फ्रेंच चित्रकार रेन्वार 1841 साली जन्मला आणि पन्नाशीच्या सुमाराला, 1892 च्या आसपास, त्याला हा आजार लागला. पुढची पंचवीसहून अधिक वर्षे तो आजार वाढत गेला, शेवटची काही वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली, आणि 1919 मध्ये मरेपर्यंत तो चित्रे काढत राहिला. फ्रेंच नाटककार साशा गित्री याने 1915 साली त्याच्यावर काही मिनिटांची चित्रफीत घेतली. तीत चौऱ्याहत्तर वर्षांचा रेन्वार दिसतो. बोटे तळव्यात वळून घट्ट झालेली, मनगट अवघडलेले, आणि मुलगा त्याच्या हातात ब्रश ठेवतो आहे. त्याच्या हाताला ब्रश बांधावे लागत, ही पुढे पसरलेली आख्यायिका. हाताभोवती दिसणाऱ्या कापडाच्या पट्ट्या तळव्याची नाजूक झालेली कातडी सोलली जाऊ नये म्हणून गुंडाळलेल्या होत्या. ब्रश तो स्वतःच्या पकडीत धरत असे. जिद्दीच्या लेखांत आणि प्रेरणादायी भाषणांत रेन्वार हटकून येतो तो याच चित्रफितीमुळे: बघा, दुखण्यावर मात केली.

पण या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करत नाही. रेन्वारने काय केले नव्हते? बोटे लवचीक राहावीत म्हणून तो छोटे चेंडू उडवून झेलण्याचा व्यायाम करी. पाय चालतील तोवर चालत असे. गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन राहत असे. हात पोचेना तेव्हा त्याने चित्रफलक रुळावर गुंडाळून फिरवता येईल अशी सोय करून घेतली. सोसणे, व्यायाम, शेक, मनोबल: पूर्वपक्ष जे जे सांगतो ते सगळे त्याने जगातल्या बहुतेकांपेक्षा जास्त केले, आणि सांधे जायचे ते गेलेच. त्या काळी दाहावर औषध नव्हते. सोसून सांधा वाचत नाही, याची रेन्वारइतकी सज्जड साक्ष दुसरी मिळणार नाही. मात्र ती साक्ष पूर्वपक्षाच्या विरोधात जाते.

नासाडी होते कशी, हे सांध्याच्या आत जाऊन पाहिल्याशिवाय मोजमापाचा मुद्दा सुटत नाही. निरोगी सांध्याच्या आतले अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या थराचे असते. त्याचे काम वंगण तयार करण्याचे. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा या अस्तरावर उलटते. रक्तातल्या पेशी तिथे गर्दी करतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, अस्तर अनेक पटींनी जाड होते आणि शेवाळासारखे कूर्चेवर चढू लागते. या वाढलेल्या अस्तरातल्या पेशी कूर्चा विरघळवणारी विकरे सोडतात. ही कूर्चा, हाडाच्या टोकावरचे ते गुळगुळीत पांघरूण, हिच्यात मज्जातंतू नसतात. ती विरघळत असताना ओरडायला तिथे कोणीच नसते. आमवातात दुखते ते सुजलेले अस्तर, ताणलेले आवरण आणि खालचे हाड. म्हणजे ज्या भागाचा नाश सर्वांत महाग पडतो त्याच्याकडून वेदनेची वर्दीच येत नाही. पूर्वपक्षाचे गृहीतक शरीररचनेच्या पहिल्याच पानावर अडखळते.

हाडाचे आणखी वेगळे. कूर्चेचे पांघरूण जिथे संपते आणि सांध्याचे आवरण जिथे चिकटते, त्या दोहोंच्या मध्ये उघड्या हाडाची एक चिंचोळी पट्टी असते. सुजलेले अस्तर हाडाला भिडते ते याच पट्टीवर. तिथे अस्थिभक्षक पेशी तयार होतात. या पेशी मूळच्या वाईट नव्हेत. आपल्या सगळ्यांच्या हाडांची जुनी माती काढून नव्याला जागा करून देणे हे त्यांचे रोजचे काम. दाहातून मिळणाऱ्या रासायनिक हुकमामुळे त्या नको तिथे, नको तितक्या संख्येने उगवतात. एक्स-रेवर त्यांचे काम काठावर घेतलेल्या बारीक चाव्यासारखे दिसते. ज्यांना अशा खोबणी पडायच्या असतात त्यांतल्या बहुतेकांना त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडू लागतात. आपल्याकडे हीच वर्षे अंगावर काढण्याची, वांगे-दही सोडून पाहण्याची आणि ओळखीतल्या कोणाला गुण आला त्या तेलाने चोळण्याची असतात.

आणि ती पहिली खोबण कुठे पडते? पुष्कळदा पायाच्या करंगळीच्या मुळाशी, चवड्याच्या बाहेरच्या बाजूला. हाताचा एक्स-रे स्वच्छ निघतो, सगळ्यांना हायसे वाटते, आणि पायाचा एक्स-रे कोणी काढतच नाही. यात फक्त घरगुती सल्लागारांना बोल लावून चालणार नाही. आजाराची तीव्रता मोजायला जगभरचे तज्ज्ञ जी मोजपट्टी वापरतात तिच्यात अठ्ठावीस सांधे मोजले जातात: खांदे, कोपरे, मनगटे, बोटांचे सांधे आणि गुडघे. घोटा आणि पाऊल त्यात नाही. मोजणी सुटसुटीत व्हावी म्हणून ही सूट घेतली गेली, आणि मोजणारे ती सूट आहे हे विसरले. चपलेत खडे आल्यासारखे वाटते असे सांगणाऱ्या बाईचे पाऊल उघडून, चवडा दोन्ही बाजूंनी दाबून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

इतके झाल्यावर पूर्वपक्ष म्हणेल, शरीररचना ठीक, पण व्यवहारात दुखणे आणि नासाडी बरोबरच चालत असतील. नाही चालत. याचे दोन पुरावे मला निर्णायक वाटतात, कारण ते दोन विरुद्ध टोकांनी येतात.

पहिला पुरावा डेनोसुमॅबचा. हे औषध अस्थिभक्षक पेशींचा जन्म रोखते, दाहाला हात लावत नाही. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे नेहमीचे औषध (त्याच्याविषयी पुढे) घेत असलेल्या 227 रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष 2008 साली आले. हाडातल्या खोबणींची वाढ मंदावली. सूज, दुखणे आणि कूर्चेची झीज मात्र जशीच्या तशी राहिली. म्हणजे खाणारा थांबवला तरी दुखणारे दुखतच राहिले. दुसरा पुरावा दाह रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबचा, 428 रुग्णांवरच्या चाचणीतला, 2000 साली प्रसिद्ध झालेला. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला हे औषध दिल्यावर एक्स-रेवरची नासाडी थांबली, आणि जे रुग्ण 'मला काही फारसा फरक नाही' या गटात मोडत होते त्यांचीही थांबली. एकीकडे दुखणे तसेच आणि हाड वाचलेले. दुसरीकडेही तेच, निराळ्या वाटेने. याची उलट बाजूही ठाऊक झालेली आहे: रुग्ण म्हणते बरे आहे, हाताला सूज लागत नाही, तरी सोनोग्राफीत अस्तर लाल पेटलेले दिसते आणि अशांतल्या काहींच्या सांध्यांची नासाडी पुढे सरकते. शिवाय असेही रुग्ण असतात की ज्यांचे अंग रात्रंदिवस ठणकते पण सूज नाही, रक्तात दाह नाही, एक्स-रे वर्षानुवर्षे तसाच. त्यांना जड औषध वाढवून देणेही तितकेच चूक. मोजमाप खोटे असले की ते दोन्हीकडे फसवते.

गंमत अशी की आपल्या घरोघरच्या मतात आणि वैद्यकशास्त्राच्या कालपरवापर्यंतच्या मतात फार अंतर नव्हते. 1980 च्या दशकापर्यंत उपचाराचा जो पिरॅमिड शिकवला जाई त्याच्या पायथ्याशी विश्रांती आणि ॲस्पिरिन, वर इतर वेदनाशामके, आणि बरीच वर्षे थांबून, खोबणी दिसू लागल्यावर मग सोन्याची इंजेक्शने वगैरे. यामागे अडाणीपणा नव्हता. फॉरेस्तिए या फ्रेंच डॉक्टरने 1929 साली रूढ केलेली सोन्याची इंजेक्शने खरोखरच किडनीला आणि रक्ताला त्रास देत. आजार बहुतेकांत सौम्य असतो, औषध घातक असते, मग घाई कशाला, असा तो हिशोब होता. हिशोबातला पहिलाच आकडा चुकला होता. थिओडोर पिंकस यांनी अमेरिकेत 75 रुग्णांचा नऊ वर्षे मागोवा घेतला आणि 1984 साली निष्कर्ष छापले. त्या काळाचे रीतसर उपचार चालू असताना या माणसांची कार्यक्षमता कोसळली, नोकऱ्या गेल्या, आणि अपेक्षेपेक्षा लवकर मृत्यू आले. 'सौम्य' आजार असा नसतो. 1989 साली विल्स्की आणि हीली या दोन डॉक्टरांनी पिरॅमिड नव्याने रचण्याची मागणी केली आणि पुढच्या दशकात तो खरोखर उलटा झाला. आपल्याकडच्या ओट्यावर मात्र तो अजून सरळच उभा आहे.

नशिबाच्या मुद्द्याला सर्वांत जुने उत्तर आहे फिलिप हेंच यांचे. मेयो क्लिनिकमधल्या या डॉक्टरने 1929 साली पाहिले की काविळीने आजारी पडलेल्या एका आमवाताच्या रुग्णाचे सांधे एकाएकी सुटले. गरोदरपणातही पुष्कळ बायकांना असाच आराम पडतो हे त्यांनी नंतर नोंदवले. इतर लोक याला योगायोग म्हणून पुढे गेले असते. हेंच यांचा तर्क असा: जो आजार काविळीने किंवा गर्भारपणाने ओसरतो तो मुळात ओसरू शकणारा आजार आहे, मग शरीरातलेच काहीतरी त्याला ओसरवत असले पाहिजे. ते शोधण्यात जवळजवळ वीस वर्षे गेली. 21 सप्टेंबर 1948 रोजी खाटेला खिळलेल्या एका तरुण बाईला पहिले इंजेक्शन दिले गेले, काही दिवसांत ती हिंडू-फिरू लागली, आणि 1950 साली हेंच, केंडॉल आणि राइकश्टाइन यांना कॉर्टिझोनसाठी नोबेल मिळाले. याच स्टिरॉइडचे पुढे आपल्याकडे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, दोन दिवसांत गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा तेच दळलेले सापडते. चेहरा सुजून गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, आणि बाईला वाटते इंग्रजी औषध टाळले हे बरे केले. स्टिरॉइड म्हणजे विष, असा उलटा आक्रोशही मी करणार नाही. ब्रिटनमधल्या 1995 च्या एका चाचणीत रोज 7.5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने दोन वर्षांत खोबणींची वाढ मंदावल्याचे दिसले. मोजून, मुदत ठरवून, खरे औषध अंगी लागेपर्यंत दिलेले स्टिरॉइड वेगळे आणि पुडीतले वेगळे.

ते खरे औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट, आणि पूर्वपक्षाचा खरा धाक त्याचाच आहे: 'अहो, ते कॅन्सरचे औषध आहे!' आहे. त्याचे कूळ तर आपल्याला जवळचे. भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ही फॉलिक ॲसिडविरोधी औषधे तयार झाली. त्यांतले अमिनोप्टेरिन सिडनी फार्बर यांनी 1948 साली ल्युकेमियाच्या मुलांना दिले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. गुब्नर या डॉक्टरांनी 1951 साली हेच अमिनोप्टेरिन आमवातात दिले तर सूज उतरली, पण तेव्हा कॉर्टिझोनचा एवढा बोलबाला होता की तीसेक वर्षे त्या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. बोस्टनमध्ये 1985 साली नीट चाचणी झाली आणि 1988 मध्ये अमेरिकेत आमवातासाठी परवानगी मिळाली.

आता मात्रेचा प्रश्न. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, 7.5 ते 25 मिलिग्रॅम दिले जाते. काही कॅन्सरांत तेच एका वेळी ग्रॅमच्या हिशोबाने शिरेतून सोडतात. दोन्ही ठिकाणी औषध तेच म्हणून परिणाम तोच मानणे बरोबर नाही. पण धाक अगदीच निराधार आहे असेही नाही. मळमळ, तोंड येणे, लिव्हरचे आकडे चढणे, पांढऱ्या पेशी उतरणे, क्वचित फुफ्फुसाचा दाह, हे सगळे होते. म्हणून दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचे, सोबत फॉलिक ॲसिड घ्यायचे, दारू टाळायची. आणि गर्भाला ते घातक असल्याने मूल हवे असेल तर डॉक्टरांना सांगून काही महिने आधी बंद करायचे. सर्वांत मोठा धोका औषधात नसून चिठ्ठीत आहे. आठवड्याची गोळी रोज घेतली गेली तर माणूस दगावू शकतो, आणि असे झालेले आहे. म्हणून चिठ्ठीवर वार लिहावा, 'दर रविवारी' असा, ठळक अक्षरांत. आणि मेडिकलवाल्याने पाकिटावर 'रोज एक' असे सवयीने खरडू नये. हा सावधपणा मला मान्य आहे. त्यावरून पूर्वपक्ष जो निष्कर्ष काढतो, की थांबावे, तो मान्य नाही. कारण न थांबणाऱ्यांचे काय झाले याची मोजदाद आहे. अमेरिकेतल्या 1240 रुग्णांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी कमी निघाले. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, त्यामुळे आकडा थोडा सैल धरावा. तरीही औषधाने माणसे मरतात या भीतीला तो पुरेसे उत्तर देतो. दाह फक्त सांध्यांत राहत नाही, हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही तो झळ लावतो.

पूर्वपक्षाची शिकलेली धाकटी बहीण अलीकडे भेटू लागली आहे. ती म्हणते, लवकर उपचार करावा हे खरे, पण खरे उपचार म्हणजे ती महागडी बायोलॉजिक इंजेक्शने, ती आपल्याला परवडणार नाहीत, म्हणजे फिरून आपण नशिबापाशीच. फेल्डमन आणि मैनी यांनी 1992 साली लंडनमध्ये टीएनएफ हे दाह पेटवणारे प्रथिन रोखणारे औषध पहिल्यांदा वापरले, तेव्हापासून या औषधांनी जे साधले ते थोर आहे यात वाद नाही. पण 2004 साली प्रसिद्ध झालेली ग्लासगोची चाचणी या बहिणीने वाचावी. तिथे 110 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखे उपचार. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून प्रत्येक वेळी सांधे मोजायचे, सूज शिल्लक असेल तर त्याच भेटीत औषध वाढवायचे, हट्टी सांध्यात इंजेक्शन द्यायचे. औषधे साधीच, सल्फासॅलझिन, मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. दीड वर्षाने नेहमीच्या गटात 16 टक्के रुग्ण आजारमुक्त अवस्थेत होते, मोजणीच्या गटात 65 टक्के. खोबणींची वाढही मोजणीच्या गटात कमी. बायोलॉजिक एकही नाही. पुढे 2013 साली 353 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही तीन औषधे एकत्र देणे हे मेथोट्रेक्सेट आणि एटानरसेप्ट या बायोलॉजिकच्या जोडीला तोडीस तोड ठरले. आपल्यासारख्या देशात, जिथे झोपलेला टीबी कोट्यवधी छात्यांत आहे आणि टीएनएफ रोखणारी औषधे त्याला जागे करतात, तिथे हा निकाल केवळ स्वस्ताईचा नाही. महाग असते ती दर महिन्याची भेट. बस बदलून येणे, मजुरी बुडणे, रक्ताच्या तपासणीसाठी पुन्हा एक खेप. परवडत नाही म्हणायचे तर ते याबद्दल म्हणावे, आणि मग सोय लावण्याची चर्चा तालुक्याच्या ठिकाणी न्यावी.

एक आक्षेप मात्र खराखुरा वजनदार आहे. सुरुवातीला सूज आलेल्या प्रत्येकाला आमवात नसतो. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने सांधे धरलेले आपण पाहिले आहेत, आणि काहींची सुरुवातीची सूज आपोआप ओसरते. सगळ्यांना सरसकट मेथोट्रेक्सेट देणे म्हणजे उलट्या दिशेची घाई. इथे निवड करावी लागते: सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली का, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांत आहे का, रक्ताची अँटी-सीसीपी चाचणी ठळक आली का, तंबाखूचे धूम्रपान आहे का. रक्तातला आर ए फॅक्टर 'निगेटिव्ह' आला म्हणून सुटलो समजणारे पुष्कळ भेटतात. या आजाराच्या वीस ते तीस टक्के रुग्णांत तो निगेटिव्हच असतो, आणि दुसऱ्या आजारांत किंवा निरोगी म्हाताऱ्यांतही पॉझिटिव्ह येतो. कागदापेक्षा सुजलेले पेर जास्त खरे बोलते. आणि ज्यांचे सांधे आधीच गेले आहेत त्यांना ही चर्चा उशिराची आहे हेही सांगितले पाहिजे. विरघळलेली कूर्चा परत येत नाही. तिथे काम सर्जनचे, आणि त्यांनी भूल देण्याआधी मानेचा एक्स-रे मागावा, कारण वर्षानुवर्षांच्या आमवातात मानेचे पहिले दोन मणके सैल झालेले असू शकतात.

नशिबवादाची शेवटची माघार अशी असते की आजारच हल्ली सौम्य झाला, औषधांचे श्रेय कशाला? कॅलिफोर्नियातल्या 1983 ते 2007 च्या नोंदींत चाळीस ते साठ वयाच्या आमवाताच्या रुग्णांमध्ये गुडघा आणि खुबा बदलण्याचे प्रमाण उतरलेले दिसते. त्याच काळात अमेरिकेत झिजेच्या संधिवातासाठी सांधे बदलण्याचे प्रमाण वाढत गेले. शस्त्रक्रियेची सोय वाढली आणि एकाच आजारात गरज घटली. आजार आपला आपणच थोडा मवाळ झाला असेल, ते मी नाकारत नाही. धूम्रपान घटल्याचाही वाटा असेल. पण मग ग्लासगोच्या दोन गटांत, एकाच शहरातल्या, एकाच काळातल्या माणसांत, 16 आणि 65 चा फरक पडतो कशाने? सौम्य आजार फक्त एकाच गटाला झाला होता काय?

उरतो तो प्रश्न जो प्रत्येक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या भेटीत विचारतोच: 'डॉक्टर, अजून किती दिवस घ्यायच्या या गोळ्या?' आता दुखत नाही, सूज नाही, मग थांबवू का. पूर्वपक्ष इथे पुन्हा डोके वर काढतो, दुखत नाही म्हणजे गेले. नॉर्वेमध्ये निदान वर्षभर आजारमुक्त असलेल्या 160 रुग्णांवर चाचणी झाली. अर्ध्यांची मात्रा तशीच ठेवली, अर्ध्यांची निम्मी केली. 2021 साली आलेला निकाल असा: मात्रा तशीच ठेवलेल्यांत वर्षभरात 6 टक्क्यांचा आजार उसळला, निम्मी केलेल्यांत 25 टक्क्यांचा. म्हणजे मात्रा निम्मी करूनही चौघांतले तिघे ठीक राहिले. हे धैर्य ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून करावे, एकेक पायरी उतरत, आणि उतरताना दर दोन-तीन महिन्यांनी हाताची पेरे आणि पायाचा चवडा दाबून घ्यावा. गोळ्या एकदम बंद करण्याबद्दल विचाराल तर आजच्या पुराव्यावर मी नको म्हणेन.